‘तीन महिन्यांत एकही पिल्लू नाही’: रेड रनरबद्दलच्या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा,

डिसेंबरात गेकोच्या (पाळीव पालीच्या) खाण्यासाठी १०० रेड रनर जातीची झुरळं नेली, तीन महिन्यांत एक पिल्लू नाही, डब्याला वास मारतो, ‘सगळे नरच देऊन फसवलं’ आणि घरभर झुरळं होतील अशी वहिनींना धास्ती, असं तुम्ही लिहिलंय.

तुमचा फोटो मोठा करून पाहिला. लांब पिवळसर पंखांचे ते नर, आखूड पंखांच्या काळपट त्या माद्या. दोन्ही आहेत. पण अंड्यांच्या ट्रेखालचा तळ अगदी लख्ख आहे! दर रविवारी डबा झाडता म्हणालात, घोळ तिथेच झाला. डुबिया या दुसऱ्या जातीच्या झुरळाची मादी थेट पिल्लं देते. रेड रनरची मादी अंड्यांची कुपी टाकते, चवळीच्या दाण्याएवढी, तपकिरी. एकेका कुपीत पंधरा-वीस पिल्लं असतात. तीस अंशांच्या उबेतही ती फुटायला महिना-सव्वा महिना लागतो, आणि फार कोरडं पडलं तर अंडी आतच सुकतात. विष्ठेच्या भुकटीबरोबर त्या कुप्याच केरात गेल्या. त्यात डबा गॅलरीत आणि नाशिकची थंडी.

चूक माझी आहे. काउंटरवर मी ‘उबेत ठेवा’ एवढंच बोललो. कुपी हातावर ठेवून दाखवायला हवी होती.

वहिनींची धास्ती मला रास्त वाटते. गुळगुळीत प्लास्टिकवर हे किडे चढत नाहीत, पण केरातून गेलेली कुपी बाहेर फुटू शकते. कॅलिफोर्नियात ही जात १९७८ मध्ये पहिल्यांदा सापडली, आज अमेरिकेच्या नैऋत्य भागात ती उघड्यावर चांगलीच फोफावली आहे. आपल्याकडे तसं व्हायला नको. म्हणून डब्यातला केर पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मगच घंटागाडीत द्या.

वास काकडीचा आहे, तळाशी कुजलीय. गाजर द्या, उरलेलं दुसऱ्या दिवशी काढा, झाकणाला बारीक जाळी लावा. फवारणीची द्राक्षं किंवा पानं चुकूनही घालू नका.

डबा घेऊन दुकानात या. कुप्यांसकट नवा ट्रे लावून देतो, पैसे नकोत. पिल्लं धरेपर्यंत गेकोचं खाणंही दर आठवड्याला माझ्याकडून न्या. पाळायचंच नसेल तर उरलेले किडे परत आणा, पूर्ण रक्कम देतो. फक्त ते बाहेर सोडू नका.