मुंग्या आणि तळपायांची आग यांवरून एचआयव्ही ओळखता येत नाही

हातापायांना मुंग्या येणे, तळपायांची आग होणे, नसांत सुया टोचल्यासारखे वाटणे ही एचआयव्हीची सर्वांत पहिली खूण आहे, तिच्यावरून संसर्ग घरच्या घरी ओळखता येतो आणि असा त्रास नसेल तर चाचणीची गरज नाही, अशा आशयाचा मजकूर मोबाइलवर सर्रास पुढे पाठवला जातो. यातील एकही विधान टिकणारे नाही आणि शेवटचे तर घातक आहे.

‘पहिली खूण’ हे आधी पाहू. संसर्गानंतर साधारण 2 ते 4 आठवड्यांत काहींना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ आणि गाठींची सूज असा त्रास होतो. अनेकांना काहीच जाणवत नाही आणि पुढे कित्येक वर्षे प्रकृती ठणठणीत दिसू शकते. एचआयव्हीमुळे मज्जातंतूंना इजा होते हे खरे आहे, पण हा विषाणू मज्जापेशींमध्ये शिरत नाही. त्याने चेतवलेल्या प्रतिकारपेशींच्या दाहातून ती इजा घडते. दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन वर सरकणारी ही व्यथा म्हणूनच बहुधा सीडी-4 पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या ज्या पेशींवर हा विषाणू हल्ला करतो त्या, बऱ्याच घटल्यावर दिसते. सुरुवातीच्या काळात क्वचित चेहऱ्याचा लकवा होतो, पण त्या अपवादावरून नियम काढता येत नाही.

हा समज आला कुठून, याचे एक उत्तर उपचारांच्या इतिहासात सापडते. भारतात 2004 मध्ये एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारा औषधोपचार, म्हणजे एआरटी, मोफत सुरू झाला तेव्हा स्टॅव्ह्युडीन हे औषध सर्रास दिले जाई आणि त्यानेच अनेक रुग्णांच्या पायांची आग होई. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. म्हणजे ज्यांच्यात ही वेदना दिसली, त्यांचे निदान आधीच झालेले होते. ती त्यांच्या उपचारांची किंमत होती. ही बाब गाळून तीच वेदना निदानाचे साधन म्हणून पुढे करणे त्या रुग्णांवरही अन्याय करणारे आहे.

वेदनेवरून संसर्ग ओळखता येतो, हा दावा तर आपल्याकडे अधिकच फसवा आहे. मधुमेह, बी-12 ची कमतरता, दारू, क्षयरोगावरील आयसोनियाझिड आणि कुष्ठरोग या सर्वांत हातापायांना मुंग्या येतात किंवा बधिरता येते. कुष्ठरोगात उपचारांना उशीर झाला तर कायमचे व्यंग येऊ शकते, त्यामुळे बधिर चट्टा दिसत असताना एचआयव्हीच्या भीतीने घरात बसून राहणारा माणूस भलत्याच रोगाला वेळ देत असतो. अशा रुग्णाची साखर, बी-12 आणि त्वचा तपासली पाहिजे. एचआयव्ही चाचणीही त्या यादीत असू शकते, पण अनेकांपैकी एक म्हणून.

नागिणीच्या बाबतीत मात्र वेगळे सांगायला हवे. तरुण वयात अंगाच्या एका बाजूला आगीसारखी वेदना होऊन पाणीदार फोड आले, तर डॉक्टर एचआयव्ही चाचणी सुचवतात आणि ते योग्यच आहे. तरीही ते चाचणीचे कारण आहे, निदान नव्हे.

आता सर्वांत घातक विधान. त्रास नाही म्हणून चाचणी नको, हे स्क्रीनिंगच्या मूळ कल्पनेविरुद्ध आहे, कारण लक्षणे नसलेल्यांमधला संसर्ग शोधण्यासाठीच ते असते. गरोदर स्त्रियांची चाचणी याच हेतूने केली जाते. शासकीय समुपदेशन व चाचणी केंद्रांत, म्हणजे आयसीटीसीमध्ये, ही चाचणी मोफत व गोपनीय असते आणि 2017 च्या कायद्यानुसार संमतीशिवाय ती करता येत नाही. विंडो पिरियडमुळे, म्हणजे संसर्ग होऊनही तो चाचणीत न दिसण्याच्या काळामुळे, प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीत संसर्ग दिसायला तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून सुरुवातीच्या निगेटिव्ह निकालानंतर समुपदेशक सांगतील तेव्हा पुन्हा जावे. असुरक्षित संबंध किंवा वापरलेल्या सुईची टोच असा प्रसंग नुकताच घडला असेल, तर मात्र लक्षणांची वाट न पाहता 72 तासांच्या आत डॉक्टरांकडे पोहोचावे, कारण संसर्ग टाळणारा 28 दिवसांचा औषधोपचार त्या मुदतीनंतर सुरू केला जात नाही. जवळच्या केंद्राची माहिती 1097 या क्रमांकावर विनामूल्य मिळते.