आपल्याच माणसाला कोर्टात खेचलं म्हणे मी

आत्ताच हळदीकुंकवाहून आले. साडीसुद्धा बदललेली नाही. आत्ता लिहिलं नाही तर रात्रभर डोळ्याला डोळा लागणार नाही.

वाण देता देता एका काकूंनी सगळ्यांदेखत विचारलं, “अगं, तू म्हणे घरमालकाला कोर्टात खेचलंस? आपल्याच माणसाला? चार पैशांसाठी?” बाकीच्या जणी तिळाच्या वड्या हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मी “मिटलं काकू ते आता” असं काहीतरी पुटपुटले. गाडीत येऊन बसले तेव्हा हात थरथरत होते.

चार पैसे नव्हते ते. आमच्या डिपॉझिटमधले ३,९०० डॉलर होते.

इथे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या त्या घरात आम्ही तीन वर्षं राहिलो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राहायला गेलो तेव्हा ४,५०० डॉलर डिपॉझिट दिलं. भाडं एकदाही एक तारखेच्या पुढे गेलं नाही. घरमालक मराठी, आमच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे, मंडळाच्या गणपतीत आरतीला पुढे उभे राहणारे. घर सोडायच्या आधी मी त्यांना म्हटलं, शेवटच्या दोन आठवड्यांत एकदा येऊन घर बघून जा, काही दुरुस्त करायचं असेल तर आम्ही करून देऊ. कॅलिफोर्नियात हा भाडेकरूचा हक्कच आहे, मागितली की पाहणी करावी लागते. ते म्हणाले, “अहो वहिनी, आपल्यात कशाला ते इन्स्पेक्शन-बिन्स्पेक्शन!” आणि मी ऐकलं.

घर सोडल्यावर चौतिसाव्या दिवशी त्यांचा ईमेल आला. इथला कायदा सांगतो एकवीस दिवस. एकवीस दिवसांत एकतर पूर्ण डिपॉझिट परत, नाहीतर कशाकशाचे किती कापले त्याचा लेखी हिशोब आणि उरलेले पैसे. दुरुस्ती-सफाईचे १२५ डॉलरच्या वर कापले तर पावत्याही जोडायच्या. ईमेलमध्ये पावती एकही नव्हती. चार ओळी होत्या, मिळून ३,९०० कापल्याच्या. पूर्ण घराला रंग, १,९००. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर हळदीचे डाग, १,०५०. मोडलेली खिडकीची पट्टी, २५०. आणि चौथी ओळ, भारतीय स्वयंपाकाचा वास घालवण्यासाठी सफाई, ७००.

ती चौथी ओळ मी तीनदा वाचली. ज्या माणसाने आमच्याकडे बसून दोनदा वरणभात खाल्ला, ज्यांच्या घरी रोज तीच फोडणी पडते, त्यांना आमच्या फोडणीचा वास सातशे डॉलरचा वाटला! एखाद्या गोऱ्या घरमालकाने हे लिहिलं असतं तर याच सगळ्या बायका माझ्या बाजूने पेटून उठल्या असत्या. मग आपला माणूस लिहितो तेव्हा गप्प का बसायचं?

मी फोन केला. दोनदा. “बघू, बोलू, आपल्यात काय एवढं.” मग पत्र पाठवलं, पोच घेऊन, की अमुक तारखेपर्यंत पैसे द्या नाहीतर मी स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, जाईन. उत्तर आलं नाही. नवरा म्हणाला सोडून दे, उगाच वाईटपणा. मैत्रीण म्हणाली व्हिसावर आहात, कोर्टाच्या भानगडीत पडू नका. अगं, दिवाणी दावा आहे तो, मी माझे पैसे मागतेय, गुन्हा थोडीच केलाय मी? पण ही भीती आपल्या लोकांत इतकी मुरलेली आहे की घरमालकाला काही करावंच लागत नाही. तो नुसता बसून राहतो.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. लहानपणापासून ऐकतेय. आज मला त्या म्हणीचा भयंकर राग आलाय. ज्याच्या खिशात दुसऱ्याचे पैसे आहेत त्याच्याच सोयीची म्हण आहे ती. पैसे दाबून बसलेल्याला कोणी म्हणतं का, की शहाण्याने दुसऱ्याचे पैसे दाबू नयेत?

माझ्या बाबांनी ती म्हण पाळली. १९९६ साली कोथरूडमध्ये आम्ही अकरा महिन्यांच्या करारावर राहायचो. पंधरा हजार डिपॉझिट. घर सोडताना मालकांनी सहा हजार ठेवून घेतले, रंगासाठी म्हणून. बाबा “जाऊ दे” म्हणाले. आईने त्या वर्षी शिलाई मशीन घ्यायचं ठरवलं होतं, ते राहिलं. दोन महिन्यांनी आई तिथे आलेलं टपाल आणायला गेली, मीही बरोबर होते. दारातून आत बघितलं तर भिंतीवर माझी उंची मोजलेल्या पेन्सिलच्या रेघा तशाच. प्रत्येक रेघेपुढे बाबांच्या अक्षरात तारीख. रंगाचा एक हात फिरला नव्हता. आई काही बोलली नाही. टपाल घेतलं आणि आम्ही जिना उतरलो.

म्हणून मी फॉर्म भरला. एससी-१०० नाव आहे त्याचं. काही पानांचा, साध्या भाषेतला. वकील लागत नाही. लागत नाही म्हणजे, तिथे कोणाच्याच बाजूने वकील उभा राहू शकत नाही, ना तुमच्या ना समोरच्याच्या. एकट्या माणसाला १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा करता येतो, फी रकमेप्रमाणे ३०, ५० किंवा ७५ डॉलर. मी ७५ भरले, कारण मी ८,४०० मागितले. वाईट हेतूने पैसे अडवलेत असं जजला वाटलं तर डिपॉझिटच्या दुपटीपर्यंत जास्तीचे मिळू शकतात, मी तेवढे नाही, डिपॉझिटइतकेच मागितले. कागद आपण स्वतः नेऊन द्यायचे नसतात, अठरा वर्षांवरच्या तिऱ्हाईताने द्यावे लागतात. माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण गेली त्यांच्या दारात. ते तिला म्हणाले, “हे आमच्या घरातलं प्रकरण आहे.” घरातलं!

सॅन होजेच्या कोर्टात बारा मिनिटं. फक्त बारा. चार महिने ज्याची धास्ती घेतली ते बारा मिनिटांत झालं. जजबाईंनी त्यांना विचारलं, रंग शेवटचा कधी दिला होता? ते म्हणाले २०१९. घर आम्ही २०२४ मध्ये सोडलं. पाच वर्षांचा रंग, तो आम्ही नसतो तरी द्यावाच लागला असता. रोजच्या वापराने जे झिजतं त्याचे पैसे भाडेकरूकडून कापता येत नाहीत. आणि कापलेली रक्कम वाजवी आहे हे दाखवायचं काम घरमालकाचं, आपलं नाही. मग त्यांनी ओट्याच्या डागाचं विचारलं.

तो डाग टिकलीएवढा होता. शेगडीच्या उजव्या बाजूला, पांढऱ्या लॅमिनेटवर, फिकट पिवळा. मी राहायला गेले त्या दिवशी, सामान आत येण्याआधी, रिकाम्या घरातल्या कोपऱ्याकोपऱ्याचे फोटो काढले होते. त्यातला एक मोठा छापून नेला होता. त्यात तोच डाग, त्याच जागी, २०२१ च्या ऑगस्टमध्ये. जजबाईंनी कागद डोळ्याजवळ धरला, मग त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, हे तुमचंच स्वयंपाकघर ना? ते काहीच बोलले नाहीत. वासाच्या सफाईची पावती मागितली, ती नव्हतीच.

दोन आठवड्यांनी निकाल टपालाने आला. ३,६५० आणि फीचे ७५. जास्तीचे दिले नाहीत, ते मला अजून टोचतं. खिडकीच्या पट्टीचे २५० गेले, ते बरोबर होतं, पट्टी माझ्या मुलीने मोडली होती आणि मी कोर्टात तसंच सांगितलं.

आणि हो, घराचा उकिरडा करून जाणारे भाडेकरूही असतात, घरमालकांनाही त्रास होतो, मान्य. त्यांनी पावती दाखवावी, पैसे घ्यावेत.

निकाल लागला म्हणजे पैसे लगेच हातात पडत नाहीत हेही सांगते, कारण कोर्ट वसूल करून देत नाही, मागे आपल्यालाच लागावं लागतं. समोरच्याला अपिलाला तीस दिवस असतात, दावा लावणाऱ्याला अपीलच नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी चेक आला. पाकिटात चिठ्ठी नाही, काही नाही. चेकच्या खाली मेमोच्या जागी लिहिलं होतं, “वैयक्तिक.”

पुण्या-मुंबईतल्या मैत्रिणी म्हणतील, तुमचं तिकडे ठीक आहे. खरंय, तुमच्याकडे लघुवाद न्यायालयात तारखांवर तारखा पडतात, बारा मिनिटांत काही होत नाही. पण निदान करार तरी नोंदवून घ्या गं. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात लेखी करार करून नोंदवायची जबाबदारी घरमालकावरच टाकलीय. “आपल्यात कशाला नोंदणी” म्हणाला की समजून जा. आणि राहायला जाल त्या दिवशी फोटो काढा, रिकाम्या घराचे.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. काकू वाईट नाहीत, माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू घेऊन आल्या होत्या. त्यांना खरंच वाटतं की मी कोणाचा तरी अपमान केला. पण काकू, मनस्ताप मलाही झाला हो. तो कोणी विचारलाच नाही.

चेक वटला त्या दिवशी बाबांना फोन केला होता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, वकिलाला किती गेले? म्हटलं बाबा, वकील नसतोच. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “फोटो काढून ठेवला होतास ते बरं केलंस.” पेन्सिलच्या रेघांचं मी काही काढलं नाही, त्यांनीही नाही.

आज निघताना चपला घालत होते तर एक मुलगी मागोमाग जिन्यापर्यंत आली. नुकतीच नोकरीला लागलेली, नागपूरची. हळूच म्हणाली, “ताई, तो फॉर्म कुठला ते सांगाल? माझ्या रूमचं डिपॉझिट अडकलंय, मालक आपलेच आहेत म्हणून काही बोलता येत नाही.” घर सोडलेली तारीख विचारली. तिचे एकवीस दिवस गुरुवारी संपतात. शुक्रवारी संध्याकाळी तिला जेवायला बोलावलंय, पत्र आम्ही दोघी बसून लिहिणार आहोत.