लाल स्प्रूस सावरला, म्हणून आम्लवर्षा खोटी ठरत नाही

आपल्याकडच्या बहुतेक औष्णिक वीजकेंद्रांना गंधकवायू रोखणारी यंत्रणा बसवण्यातून २०२५ मध्ये सूट मिळाली. त्या चर्चेत एक मेसेज माझ्याकडे वेगवेगळ्या ग्रुपवरून चार वेळा आला: ‘ऐंशीच्या दशकात अमेरिकेत आम्लवर्षेचा बागुलबुवा उभा केला. एकही जंगल मेलं नाही. लाल स्प्रूसची थोडी झाडं थंडीनं गेली, मग आपोआप सावरली. आज ती जोमानं वाढताहेत. आणि गेली असती तरी कागदाच्या लगद्याचंच झाड ते!’

लाल स्प्रूस हा पूर्व अमेरिकेतल्या डोंगरांवरचा सूचिपर्णी वृक्ष, आणि आम्लवर्षा म्हणजे मुख्यतः वीजकेंद्रांच्या गंधकवायूमुळे आम्लधर्मी झालेला पाऊस. मेसेजमधलं एकच वाक्य पूर्ण खरं आहे: झाडं आज जोमानं वाढताहेत. पण मेसेज ते वाक्य ज्या कामाला जुंपतो, ते मला सहन होत नाही.

आधी ‘एकही जंगल मेलं नाही’ हे घेऊ. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या कॅमल्स हंप या डोंगरावर १९६५ मध्ये संशोधकांनी ठरावीक जागा आखून झाडं मोजली होती. १९७९ मध्ये त्याच जागा पुन्हा मोजल्या, तर लाल स्प्रूस जवळजवळ निम्मा उरला होता. फांद्यांसकट वाळलेले करडे सांगाडे उभे होते. अमेरिकी सरकारनं या प्रश्नावर दहा वर्षं अभ्यास करवला. १९९० च्या सुमारास त्याचा निष्कर्ष आला, की सगळीकडची जंगलं मरत नाहीत, मात्र उंचावरचा लाल स्प्रूस याला अपवाद आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं त्यातला अर्धाच भाग उचलला. सगळं जंगल मरेल असं तेव्हा काही जण म्हणत होते आणि ती अतिशयोक्ती होती, हे मीही मान्य करतो. पण त्यानं ते सांगाडे खोटे होत नाहीत.

‘थंडीनं गेली’ या दाव्यावर जरा थांबायला हवं. थंडीनंच गेली, हे खरं. प्रश्न असा, की हिमयुगापासून थंडी सोसत आलेलं, चारशे वर्षं जगू शकणारं झाड त्याच दशकांत थंडीला का बळी पडलं? लाल स्प्रूसची सुई दोन बोटांत फिरवून पाहा. ती सहज फिरते, आणि चार कडा बोटाला लागतात. ही सुई हिवाळाभर हिरवी राहते. तिच्या पेशींची आवरणं घट्ट ठेवायला कॅल्शियम लागतं. उंच माथ्यांवर झाडं दिवसचे दिवस ढगात असतात, आणि ढगातलं आम्ल पावसापेक्षाही तीव्र असतं. ते या आवरणांतलं कॅल्शियम धुऊन नेतं, शिवाय मातीतलंही ओढून नेतं. मग एरवी सोसली असती ती थंडी सोसवत नाही. हिवाळ्याच्या अखेरीस गेल्या उन्हाळ्यातल्या सुया तांबूस होऊन गळतात. असं दोन-चार वर्षं झालं, की झाडाकडे अन्नाचा साठा उरत नाही.

हा नुसता तर्क नाही. न्यू हॅम्पशरमधल्या हबर्ड ब्रुक जंगलात १९९९ मध्ये एका छोट्या पाणलोटावर हेलिकॉप्टरमधून कॅल्शियमयुक्त खनिजाच्या गोळ्या टाकल्या. २००३ चा हिवाळा स्प्रूसला फार वाईट गेला. गोळ्या टाकलेल्या भागातल्या मोठ्या झाडांचं नुकसान शेजारच्या भागापेक्षा बरंच कमी झालं. थंडी दोन्हीकडे सारखीच होती.

आता ‘आपोआप सावरली’. १९९० मध्ये अमेरिकेनं स्वच्छ हवेच्या कायद्यात दुरुस्ती करून वीजकेंद्रांच्या गंधकवायूवर मर्यादा घातली. पुढच्या तीस वर्षांत तो वायू नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. खोडांतली वाढीची वलयं त्याच काळात पुन्हा रुंद होत गेलेली दिसतात. हिवाळे सौम्य झाले, त्याचाही हातभार आहे. पण आम्ल कमी झालं नसतं तर या झाडांचं काय झालं असतं, ते हबर्ड ब्रुकमध्ये खनिज न टाकलेल्या भागानं दाखवलंच आहे.

राहिलं ‘लगद्याचं झाड’. लगदा होतोच. पण दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मार्टिन कंपनीच्या गिटारची वरची फळी याच लाकडाची. वादक या लाकडाला ॲडिरोंडॅक स्प्रूस म्हणतात आणि आजही शोधत फिरतात. मेन राज्यात १८४८ मध्ये या झाडांचा चीक उकळून, गाळून चघळायचा डिंक विकायला सुरुवात झाली. दक्षिणेकडे, वेस्ट व्हर्जिनियाच्या माथ्यांवर, उडणारी खार याच रानात जमिनीखालची बुरशी उकरून खाते, आणि ओल्या शेवाळाखाली चीट माउंटन सॅलॅमँडर हा पालीसारखा दिसणारा उभयचर राहतो, जो जगात दुसरीकडे कुठेच नाही.

तिथला स्प्रूस आम्लाच्या आधीच, १८८० ते १९२० दरम्यान, कुऱ्हाडीनं आणि आगींनी गेला होता. काही माथ्यांवर माती जळून खाली खडक उघडा पडला. आज तिथल्याच मोनोंगाहेला राष्ट्रीय वनात जुन्या कोळसा खाणींच्या जागी, यंत्रांनी दाबून टणक झालेली जमीन आधी खोल फाडतात आणि मग हातानं रोपं लावतात. हे झाड सावलीत खुरटून शंभर वर्षं उजेडाची वाट पाहू शकतं. उघड्या खडकावर मात्र त्याला माणसानंच आणावं लागतं, आणि त्या डोंगरांवरच्या मातीत कॅल्शियम अजूनही कमी आहे.