हरलेल्या देशाचा संसार

युद्धानंतरचा जपान म्हटलं की आपल्याकडे लगेच बुलेट ट्रेन आणि सोनी. मी मात्र आधी एका सचित्र घरगुती नियतकालिकाचं नाव घेईन, ‘कुराशी नो तेचो’.

१९४८ साली टोकियोत यासुजी हानामोरी आणि शिझुको ओहाशी यांनी ते काढलं. खायची मारामार, कापडाची टंचाई, वर अमेरिकी लष्कराचा अंमल. आणि पहिल्याच अंकात काय, तर सरळ कापून शिवायचे कपडे! किमोनो मुळात सरळ पट्ट्यांचाच असतो. तो उसवायचा, पट्ट्या जोडायच्या आणि रोज वापरता येईल असा झगा शिवायचा. कापड वाया जात नाही, विलायती फॅशनच्या पुस्तकाचीही गरज नाही. ‘आम्ही कोण’ यावर अग्रलेख पाडण्यापेक्षा मला हे शंभरपट मोलाचं वाटतं.

या हानामोरीने युद्धकाळात सरकारी प्रचारयंत्रणेत काम केलं होतं. तोच माणूस पुढे, १९७८ मध्ये जाईपर्यंत, या अंकाची मुखपृष्ठं स्वतः रंगवत राहिला. त्याचं म्हणणं असं, की लोकांनी आपला संसार जिवापाड जपला असता तर युद्ध झालंच नसतं. थोडं भाबडं आहे. लढाई पुकारताना घरच्या बाईला कोण विचारतं?

पण भाबडेपणा तोंडदेखला नव्हता. अंकात बाहेरची जाहिरात नाही (आपले दिवाळी अंक आठवा, लेख शोधावा लागतो). १९५४ पासून वस्तूंच्या चाचण्या, सुरुवात मोज्यांपासून. १९६९ मध्ये टोस्टर तपासायला ४३ हजारांवर पावाचे काप भाजले आणि त्या टोस्टच्या राशीचा फोटो छापला. कंपनी काय सांगते ते नको, आम्ही वापरून बघतो. वरून आलेला हुकूम निमूट मानणाऱ्या समाजात ही सवय लावणं मला राजकीयच वाटतं.

१९६८ चा एक अंक तर पूर्ण वाचकांच्या युद्धकाळातल्या आठवणींना दिला. रेशन, बॉम्बहल्ले, गावी पाठवलेली पोरं. सेनापती नाहीत, साधी माणसं.

इथे मात्र मी अडतो. सगळं जपानी उंबरठ्याच्या आतलं. चीनमध्ये, कोरियात याच देशाच्या सैन्याने जे संसार मोडले, ते या चौकटीत बसणार कुठे? हानामोरीवर माझा जीव आहे, पण हा हिशेब त्याच्या अंकाने पुरता मांडला असं मी म्हणणार नाही.