मुठेच्या पाण्यावर पीएचडी म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या नव्हेत

एमएस्सीचे निकाल लागायला आले की आमच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. शब्द बदलतात, सूर तोच राहतो: ‘नदीच्या पाण्यावर पीएचडी करू नका. पैसे मिळत नाहीत, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजाव्या लागतात. नदी घाण आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं, त्यात शोधायचं काय? पाणी तपासायला प्रदूषण मंडळ आहे. करायचीच तर परदेशात करा. आणि पुढे नोकरी नाहीच.’

मी पुण्यात पर्यावरणशास्त्र शिकवते. त्याआधी सहा वर्षं मुळा-मुठेचं पाणी बाटल्यांत भरून तपासलं. यंदा वर्गातल्या दोन हुशार मुलींनी हा मेसेज वाचून अर्ज भरायचाच सोडला, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते आहे.

आधी पैशांचं. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात आणि एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ, झाल्यावर ४२,०००. १ जानेवारी २०२३पासून हे दर लागू आहेत, घरभाडं भत्ता वेगळा. पर्यावरणशास्त्र हा यूजीसी नेटचा स्वतंत्र विषय आहे. रसायनशास्त्र, जीवशास्त्राच्या मुलांना सीएसआयआर नेटची वाट आहे, आणि इंजिनिअरिंगवाल्यांसाठी गेट या परीक्षेत २०२१पासून पर्यावरणाचा वेगळा पेपर आहे. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती महिना ७०,०००पासून सुरू झाली. नागपूरची नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था आणि पवईच्या आयआयटीतला पर्यावरण विभाग ही तर याच कामाची घरं. शिवाय बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. घरात पहिल्यांदाच कुणी पीएचडीला चाललंय, अशा कितीतरी मुलांचा खर्च त्यांवर निघाला आहे.

मेसेजमध्ये खरं काय आहे, तेही सांगते. पैसे वेळेवर येत नाहीत. माझी रक्कम एकदा सलग सात महिने अडकली होती आणि आईनं पाटल्या मोडायला काढल्या होत्या. त्या दिवसांची चीड अजून गेलेली नाही. पण उशिरा मिळणं आणि न मिळणं यांत फरक आहे. पहिल्यासाठी भांडायचं असतं, आणि मुलं भांडतातही. आणखी एक गल्लत होते. जून २०२४पासून नेट उत्तीर्ण होणाऱ्यांचे तीन गट झाले. त्यांतल्या खालच्या दोन गटांत पीएचडीच्या प्रवेशासाठी नेटचे गुण चालतात, पण नेटची अधिछात्रवृत्ती फक्त वरच्या गटातल्या जेआरएफवाल्यांनाच. ‘नेट झालो, तरी पैसे नाहीत’ अशी तक्रार बहुतेक वेळा इथून निघते.

‘नदी घाण आहे हे सगळ्यांना माहीत आहे.’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. फेब्रुवारीतली एक पहाट सांगते. संगम पुलाखाली उतरून ३०० मिलीची काचेची बाटली बुडबुडा राहू न देता भरली. काठावरच तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घातलं, बूच लावून बाटली उलटीसुलटी केली. पाण्यात विरघळलेला प्राणवायू असला की तपकिरी साका धरतो. त्या पहाटे साका पांढराच राहिला, म्हणजे प्राणवायू जवळजवळ शून्य. त्याच दगडावरून दुपारी दोनला भरलेली बाटली तपकिरी झाली. दिवसा शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, आणि रात्रभर तेच शेवाळ आणि सांडपाण्यातले जिवाणू मिळून तो संपवतात. मग सांगा, नदी ‘किती’ घाण आहे? दुपारची की पहाटेची? मासा पहाटे मरतो. खडकवासल्यातून किती पाणी सोडलं तर ती पहाट टळेल, कोणता नाला आधी वळवला तर सगळ्यात जास्त फरक पडेल, याची उत्तरं नाक दाबून पुलावरून जाणाऱ्याला मिळत नाहीत. जायका या जपानी संस्थेच्या कर्जाच्या आधारानं मुळा-मुठेसाठी ९९० कोटींची योजना मंजूर झाली, त्यात ११ सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं आणि दिवसाला ३९.६ कोटी लिटरची क्षमता. एवढा खर्च झाल्यावर नदीत काय बदललं, हे वर्षानुवर्षं कुणीतरी मोजत बसायला हवं की नको?

ते मंडळ मोजेल, असं मेसेज म्हणतो. मंडळ मोजतं, आणि ते काम मोलाचं आहे. त्या नोंदींमुळेच केंद्रीय मंडळाच्या २०२२च्या अहवालात देशातल्या ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५५ महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त, हे कळलं. पण मंडळाचा माणूस ठरलेल्या जागी साधारण महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी बाटली भरतो आणि ठरलेल्याच चाचण्या करतो. हैदराबादजवळच्या पाटनचेरूचं उदाहरण घ्या. सुमारे ९० औषध कारखान्यांचं सांडपाणी तिथल्या एका शुद्धीकरण केंद्रात यायचं. तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक आहे, हे २००७मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं. औषध घेतलेल्या माणसाच्या रक्तातही इतकं नसतं. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात, एवढंच मोजणाऱ्या नेहमीच्या बीओडी चाचणीत ते कधीच दिसलं नसतं. ते शोधायला आपल्याकडचं कुणी आधी का पोचलं नाही, ही सल माझ्या मनात राहिली आहे.

परदेशाचं म्हणाल तर जरूर जा. नेदरलँड्समध्ये बहुतेक पीएचडीवाले विद्यापीठाचे पगारी नोकर असतात. ब्रिटनमध्ये सरकारी पैशांच्या जागा २०२१पासून परदेशी मुलांनाही खुल्या आहेत, पण त्यांना साधारण ३० टक्क्यांची मर्यादा आहे. मात्र, तिथली गणितं जशीच्या तशी इथं चालत नाहीत. तिकडे बीओडी २० अंशांवर पाच दिवस ठेवून काढतात, आपण २७ अंशांवर तीन दिवस. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. धरणाखाली उन्हाळ्यात मुख्यतः सांडपाण्यावर वाहणारी आणि पावसाळ्यात घाट बुडवणारी नदी मुठेच्या काठावर बसूनच समजून घ्यावी लागते.

नोकरीबद्दल खोटा दिलासा देणार नाही. प्राध्यापकांच्या भरतीची अवस्था तुम्ही जाणताच. पण प्रयोगशाळा, सल्लागार कंपन्या आणि सांडपाणी प्रकल्प चालवणाऱ्या संस्था पाण्याचा हात बसलेला माणूस घेतात. माझ्याबरोबरचे चौघे आज तिथंच आहेत.

त्या दोघींना मी एवढंच सांगितलं: गाइडला भेटायला जाल तेव्हा, पैसे त्यांच्या प्रकल्पातून मिळणार असतील तर, तो प्रकल्प कधी मंजूर झाला, त्यातले किती महिने उरलेत आणि आधीच्या विद्यार्थ्यांना पैसे कोणत्या खात्यातून मिळाले, हे तीन प्रश्न न लाजता विचारा. प्रकल्पातली जागा तीन वर्षांत संपते, पीएचडी पाच वर्षं चालते. उरलेल्या दोन वर्षांचं काय, हे पहिल्याच भेटीत कागदावर लिहून घ्या. एकीचा अर्ज परवा गेला.