खिडकीवर मोठी, घसरगुंडीवर लहान

रविवारपासून डोक्यात अंगार आहे, काही केल्या विझत नाही. आज बुधवार. कणीक मळतानाही तेच आठवते आणि परातीवर हात आपटतो.

एकाच पोरीची उंची एकाच दिवशी, एकाच वॉटर पार्कच्या आवारात दोनदा मोजली. सकाळी दहाला तिकिटाच्या खिडकीजवळ ती 121 सेंटीमीटर भरली, म्हणून तिचं मोठ्यांचं तिकीट फाडलं. साडेअकराला मोठ्या घसरगुंडीच्या जिन्यापाशी तीच पोरगी 118 भरली, म्हणून तिला वर जायला मनाई. दोन्हीकडे रेषा 120 चीच. मोठ्यांचं तिकीट 1100, लहानांचं 800. आठ वर्षांच्या मुलीचे 1100 रुपये मोजून घेतले आणि ज्या गोष्टीसाठी मोजले, तिथून तिला हाताला धरून खाली उतरवलं.

खिडकीजवळ भिंतीवर जिराफ रंगवलाय, त्याच्या मानेवर लाल पट्टा. पोरीच्या पायात जाड तळव्याचे सँडल होते, डोक्यावर तिनंच हट्टानं बांधून घेतलेला उंच बुचडा. मी म्हटलं, "दादा, एक मिनिट थांबा, सँडल काढते, केस सोडते, मग मोजा." तर म्हणे, "मॅडम, मागं लाईन लागली आहे, पटकन बोला, किती मोठे किती लहान." मागच्या लोकांनीही चकचक सुरू केली. नवरा म्हणाला, जाऊ दे, सणावारी भांडण नको. अरे, सण कुठला? रविवार होता! पण मी गप्प बसले, आणि त्याचाच मला आता जास्त राग येतो.

आत पाण्यात सगळे अनवाणी. जिन्याशी एक पोट्टा लाकडी दांडा घेऊन उभा, वीस-एकवीसचा असेल. पोरगी दांड्याखाली उभी राहिली. टाचा उचलल्या, मान ताणली, श्वास रोखून धरला. त्यानं तिच्या ओल्या डोक्यावर तळहात ठेवला आणि अलगद खाली दाबलं. दांडा आणि डोकं यांच्यात दोन बोटं अंतर राहिलं. ती काहीच बोलली नाही. जिन्यावरून उतरली, माझ्यापाशी आली आणि विचारलं, "आई, मग मी नेमकी केवढी आहे?" काय सांगू तिला?

मी त्या पोट्ट्यावर ओरडले. जोरात ओरडले, आजूबाजूचे लोक बघायला लागले. नंतर वाईट वाटलं. भर उन्हात तापलेल्या फरशीवर तो सकाळपासून उभा होता आणि त्यानं त्याचं काम बरोबर केलं होतं. त्याच्याशी माझं भांडणच नाही. उंचीचा नियम हवाच. पाळण्यात अंगावर येणारा दांडा, खांद्यावरून उतरणारी पकड, हे सगळं ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेलं असतं. लहान अंग त्यातून निसटतं. घसरगुंडीखालच्या कुंडात पाणी किती खोल, पोर तिथं उभं राहिलं तर नाक वर राहील की नाही, याचाही हिशेब असतो. वयानं हे कळत नाही, उंचीनंच कळतं. उद्या कुणी म्हणालं की दोन सेंटीमीटरनं काय होतं, सोडा तिला, तर मीच सोडू देणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. जिन्याशी जे माप धरता, तेच खिडकीवर धरा. पोरगी पैसे घेताना मोठी आणि खेळताना लहान, हे चालणार नाही. अनवाणी मोजायचं तर दोन्हीकडे अनवाणी मोजा.

आणि हे झालं एका पोरीचं. आमच्यासोबत तीन पोरं होती. थोरला चौदाचा, ही आठची आणि नणंदेचा चार वर्षांचा गोळा. वर सासूबाई. बोर्डावर लिहिलेलं, 90 सेंटीमीटरखालच्या मुलांना प्रवेश मोफत. नणंद हे वाचून खूश झाली, माझा लहान आहे म्हणाली. अगं, तीन वर्षांचं साधारण मूल 95 च्या आसपास असतं! दोन वर्षांचं 86-87. म्हणजे मोफत कुणाला, तर ज्याला अजून धड पळता येत नाही, जे कडेवरून उतरत नाही त्याला. 90 लिहायच्या ऐवजी 'दोन वर्षांपर्यंत' असं लिहा ना, म्हणजे वाचणाऱ्याची आशा तरी लागणार नाही.

चार वर्षांच्याला 800 लागले. त्याच्या वाट्याला आलं एक गुडघाभर पाण्याचं डबकं आणि त्यात प्लॅस्टिकची छत्री, जिच्यावरून पाणी गळतं. तिथं 140 च्या वरच्या पोरांना बंदी, म्हणजे थोरला लहान्याला घेऊन आत जाऊ शकत नाही. थोरला एकटा मोठ्या घसरगुंड्यांवर. त्याच्यावर लक्ष ठेवायला नवरा तिकडे. नणंद डबक्यात. मधली पोरगी डबक्यात बसायला तयार नाही, कारण तिला तिथं सगळे तीन-तीन वर्षांचे दिसतात, आणि वर तिला घेत नाहीत. ती दिवसभर माझा हात धरून त्या संथ वाहत्या पाण्यात टायरवर फिरत राहिली. सात फेऱ्या. सातव्या फेरीत म्हणाली, घरी जाऊ.

सासूबाईंचंही पूर्ण तिकीट. त्या पाण्यात उतरणार नाहीत, कुठल्या राईडवर बसणार नाहीत, फक्त नातवंडांना बघणार. त्यांना 1100. एसटीत त्यांचं अर्धं तिकीट लागतं, पंचाहत्तरी झाली की तेही लागणार नाही. इथं नुसतं बाकावर बसायचे 1100, आणि बाक कुठं, तर टिनाच्या शेडखाली. मार्चमध्येच टिन असं तापलं होतं की बाई घामानं निथळल्या. शेडच्या खांबाला भोंगा बांधलेला, त्यातून सलग सहा तास तीच धडधड. एका मिनिटाची उसंत नाही. लहान मुलं जिथं खेळतात तिथं कानाचे पडदे फाटतील एवढा आवाज कशाला लागतो, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

डबा तर फाटकावरच काढून घेतला. तिखटमिठाच्या पुऱ्या, दही, पोरांसाठी कैरीचं पन्हं. सासूबाईंना साखर आहे, त्यांना वेळेवर खावं लागतं. हे सांगितलं तर म्हणे, औषध न्या, डबा नाही. आत काय मिळतं? थंडगार समोसा, मैद्याचा पिझ्झा आणि पाण्याची बाटली बाहेरच्या दुप्पट भावात. पुऱ्या संध्याकाळी परत मिळाल्या, उन्हात पडून वास मारणाऱ्या. माझ्या सासूनं पहाटे पाचला उठून तळल्या होत्या त्या.

कपड्यांचंही तसंच. सुती कपडे पाण्यात चालत नाहीत, कारण त्यांचे धागे सुटून गाळण्यात अडकतात. मान्य. मग हे फोनवर सांगा! मी आदल्या दिवशी फोन केला होता, दहा प्रश्न विचारले होते. उत्तर एकच, "सगळं आहे मॅडम, फॅमिलीसाठी बेस्ट आहे." आत गेल्यावर भाड्यानं नायलॉनचे कपडे घ्यायला लावले. आधी किती जणांनी घातले, कसे धुतले, देव जाणे. नणंदेच्या अंगाला संध्याकाळपर्यंत पुरळ उठलं.

मुळात आम्ही गेलोच होतो कशाला? मे महिन्याचं ठरवायला. पोरांना काय झेपतं, कुणाला काय आवडतं, ते इथं जवळ बघू आणि मग मोठ्या पार्कचे पैसे खर्च करू, असा माझा विचार. कारण नागपूरकराला हे सहज जमत नाही. झिरो माइलचा दगड आपल्याकडे, देशाच्या मधोमध आपण, आणि मोठं थीम पार्क गाठायचं तर कुठल्याही दिशेला रात्र नाहीतर दिवस गाडीत घालवा. पुण्याचे भाऊजी दरवर्षी सांगतात, "वहिनी, इमॅजिका करा, इथंच तर आहे खोपोलीला." इथंच म्हणजे त्यांच्यापासून! "आता समृद्धी महामार्ग झाला ना." हो, झाला. 701 किलोमीटर आहे तो, आणि भिवंडीजवळ आमण्याला संपतो. तिथून पुढं खोपोलीचा रस्ता वेगळा. चार वर्षांचं पोर आणि सत्तरीची बाई घेऊन हे करून दाखवा एकदा, मग सल्ला द्या.

थोरल्याला तेच हवं आहे. तिथला तो नायट्रो, पाय अधांतरी लोंबकळणारा रोलर कोस्टर, त्याचे व्हिडिओ तो दोन वर्षं बघतोय. पण त्या एका फेरीसाठी मधलीला आणि लहान्याला तिथवर नेऊन खाली उभं करायचं?

मी हैदराबाद म्हणतेय. तिथं रविरालाचं वंडरला, राईडचं मोठं पार्क, 2016 पासून आहे, रामोजी फिल्म सिटी 1996 पासून. नागपूरहून सिकंदराबादची वंदे भारत 2024 च्या सप्टेंबरात सुरू झाली, सात तासांच्या वर लागतात, पण बसून जाता येतं. रामोजीत बसमधून फिरवतात, सासूबाईंना जमेल, लहान्याला जमेल. थोरला आत्तापासून तोंड वाकडं करतो, तिथं राईड नाहीत म्हणतो. मग एक दिवस हे, एक दिवस ते. दोन दिवसांची तिकिटं गुणिले सात माणसं, हॉटेलच्या दोन खोल्या, गाडीभाडं. आता मांडा हिशेब.

हिशेब मांडता येत नाही, कारण प्रत्येकाचं मूल वेगळं! रेल्वेत पाच वर्षांच्या आत फुकट आणि पाच ते बाराला वेगळी जागा घेतली की 2016 पासून पूर्ण भाडं. एसटीत पाच ते बारा अर्धं. हॉटेलवाला एक वय सांगतो, त्याच्या शेजारचा दुसरं, आणि वर जादा गादीचे वेगळे. पार्कवाला सेंटीमीटर. रेल्वेचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे मेचं आत्ताच करायला हवं. आणि कुणाला कुठल्या राईडवर घेतील याची धड यादी मला आत्ता, इथं बसून मिळत नाही, कारण फोन लावला की पुन्हा तेच, "फॅमिलीसाठी बेस्ट आहे." कुठली फॅमिली? जिच्यात सगळी पोरं एकाच मापाची आहेत ती? आमच्या घरात चौदा, आठ आणि चार आहेत. बहुतेक घरांत असंच असतं.

पूर्वी इथंच अंबाझरीजवळ क्रेझी कॅसल वॉटर पार्क होतं. तीन-चार तास जायचं, कुणाला नाही जमलं तर रिक्षानं घरी. ते बंद झालं. सेमिनरी हिल्सच्या बालोद्यानात माझ्या लहानपणी वनबाला ही छोटी आगगाडी होती. आजी, आत्या, मी, कडेवरचा भाऊ, सगळे एका डब्यात. कुणी दांडा लावून मोजलं नाही, कुणी मागं राहिलं नाही. मला रोलर कोस्टरचं वाकडं नाही, पोरांनी बसावं, ओरडावं, मजा करावी. पण एवढ्या एकरांत घरातली सगळी माणसं एकत्र बसतील अशा चार गोष्टी तरी बांधा. गोरेवाड्याला सफारीच्या बसमध्ये आम्ही सातही जण एका खिडकीला नाकं लावून बसलो होतो. वाघ दिसला तेव्हा सासूबाई आणि लहाना एकाच वेळी ओरडले. तो दिवस पोरांना अजून आठवतो. रविवारचं काय आठवतील? दांडा.

सोमवारी सकाळी मी पोरीला स्वयंपाकघराच्या चौकटीला अनवाणी उभं केलं, डोक्यावर पाटी आडवी धरली, पेन्सिलनं खूण केली आणि शिंप्याच्या टेपनं मोजलं. 118. थोरला 161, लहाना 102. तिन्ही आकडे कागदावर लिहिले. आता हैदराबादला, खोपोलीला, जिथं फोन करेन तिथं हे तीन आकडे सांगणार आणि विचारणार, यातल्या प्रत्येकाला कशा-कशावर घेता, नावं घेऊन सांगा आणि लिहून पाठवा. नाही पाठवलं तर तिथं जाणार नाही.

आणि रविवारच्या त्या जागी 300 रुपयांसाठी फोन केला. जे तिकीट 18 टक्के जीएसटीसकट भरलं, त्यातली मोठी घसरगुंडी तिला मिळालीच नाही. पलीकडची बाई म्हणाली, एवढ्याशा रकमेसाठी मॅडम? हो, एवढ्याशाच. आठ वर्षांच्या मुलीला दिवसभर हात धरून टायरवर फिरवलंय मी. तक्रार लिहून पाठवली, तिकिटाचा फोटो जोडला, चौकटीवरच्या खुणेचाही. उत्तर आलेलं नाही. उद्या पुन्हा फोन करणार आहे, परवा पुन्हा.