तेवीस मिनिटांखालचं काही आवडू देऊ नका

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे १९७० च्या आसपासचं लांबलचक, गुंतागुंतीचं रॉक संगीत. त्याच्या जाणकारांत बसायचं असेल तर गाणी मनापासून आवडणं ही मोठी अडचण आहे. मनापासून आवडणारा माणूस बेसावध असतो. कोणी सहज विचारतं, "काय रे, जेनेसिसचं तुझं आवडतं गाणं कुठलं?" आणि हा खरं नाव सांगून मोकळा होतो. मग समोरच्यांच्या भुवया वर जातात, कोणीतरी खिडकीबाहेर बघायला लागतं, आणि पुढच्या बैठकीचा निरोप त्याच्यापर्यंत पोचत नाही. तुमचं असं होऊ नये म्हणून हे चार शब्द.

आधी लांबीचं बघू. साडेतीन मिनिटांचं गाणं कोणालाही आवडू शकतं, म्हणूनच ते आवडून घेण्यात काही फायदा नाही. निवड वीस मिनिटांच्या पुढची हवी. तेवीसच्या आसपास असेल तर उत्तम. माल भरपूर आहे. जेनेसिसचं 'सपर्स रेडी' (१९७२) जवळजवळ २३ मिनिटांचं, पिंक फ्लॉइडचं 'एकोज' (१९७१) साडेतेवीस, आणि व्हॅन डर ग्राफ जनरेटरचं दीपगृहाच्या रखवालदारावरचं 'अ प्लेग ऑफ लाइटहाउस कीपर्स' (१९७१) तेही २३. सगळेच नेमके तेविसाशी येऊन कसे थांबले, असं एखाद्या भाबड्यानं विचारलं तर 'त्या काळाची अंतःप्रेरणा' वगैरे म्हणा. एलपीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं नीट मावतात, त्याहून जास्त कोंबलं तर खोबणी अरुंद करावी लागते आणि आवाज पडतो, हे कारण चुकूनही तोंडातून काढू नका. अंतःप्रेरणा खोबणीच्या मापाची होती हे कळलं की भली माणसं दुखावतात.

येसचं 'क्लोज टू दि एज' (१९७२) १८ मिनिटांच्या थोडं पुढे जाऊन संपतं, पण त्याला सवलत आहे. एक तर ते अख्खी बाजू व्यापतं. दुसरं, ते रेकॉर्ड झाल्यावर ड्रमर बिल ब्रुफर्ड येस सोडून किंग क्रिमझनमध्ये गेला. बँड ऐन भरात असताना तो सोडून आणखी अवघड वाजवणाऱ्यांकडे जायचं, या एका कृत्यानं हा माणूस आपल्या पंथात संतपदाला पोचला. ब्रुफर्डचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावला तरी चालतं. किंग क्रिमझनचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप याचं घेताना लावाच.

लांबी जमली की पुढचं तंत्र सोपं: समोरचा म्हणेल त्याच्याहून जुन्या अल्बमकडे सरकायचं. तो 'डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) म्हणाला की तुम्ही 'मेडल' (१९७१) म्हणा. तो 'मेडल'वर आला की तुम्ही 'ॲटम हार्ट मदर' (१९७०) गाठा. तिथेही तो चिवटपणे आलाच, तर थंड आवाजात सांगा की १९६८ मध्ये सुरुवातीचा गायक सिड बॅरेट बँडमधून गेला तेव्हाच फ्लॉइड संपले. १९६७ च्या मागे या बँडचा अल्बमच नाही, त्यामुळे आता त्याला जायला जागा उरत नाही. तरी हरायची वेळ आली, तर 'पण फ्लॉइड मुळात प्रॉग (म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक) आहेत का?' हा प्रश्न खिशात असू द्या. त्यावर अजून कोणी कोणाचं ऐकून घेतलेलं नाही, तेव्हा जेवायची वेळ होईपर्यंत तुम्ही सुरक्षित.

कव्हरचं प्रकरण मात्र जपून. नवखे चाहते गाणी घोकून येतात आणि कव्हरवर गारद होतात. 'छान आहे' हे शब्द इथे वर्ज्य. छान दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ असतं. इथे अर्थ लावावा लागतो, आणि जिथे अर्थ नसेल तिथे तो जास्त वेळ लावावा लागतो. 'ॲटम हार्ट मदर'वर एक गाय आहे. कुरणात उभी, मान वळवून आपल्याकडे बघणारी. बँडचं नाव नाही, अल्बमचं नाही. हिप्नोसिस या स्टुडिओचा स्टॉर्म थॉर्गर्सन लंडनच्या बाहेर गेला, पहिली दिसली त्या गाईचा फोटो काढला आणि परत आला. गाईचं नाव लुलुबेल तिसरी. एवढीच हकिगत आहे. तुम्ही मात्र त्या गाईत मातृत्व, अणुयुग आणि बाजारव्यवस्था हे तिन्ही बघायला शिका. भारतीय चाहत्याला इथे थोडा जास्त वाव आहे. आपण गाईवर बोलायला लागलो की सहसा कोणी अडवत नाही.

'मेडल'साठी याच थॉर्गर्सनला बबून माकडाच्या ढुंगणाचा जवळून काढलेला फोटो हवा होता. बँडनं पाण्याखालचा कान पसंत केला. बँडनं मान डोलावली असती, तर आज पन्नाशी-साठीतले किती सभ्य गृहस्थ ते ढुंगण चौकटीत बसवून, दिवाणखान्यात टांगून, पाहुण्यांना त्यातला गूढार्थ उलगडून सांगत बसले असते याचा विचार करा. अर्थ सापडलाच असता, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

'डार्क साइड'च्या कव्हरवरचा, प्रकाशाचे रंग फोडणारा लोलक तर आता टी-शर्टांवरही आहे, त्यामुळे ते कव्हर आवडतं असं उघड म्हणता येत नाही. पण एक वाट शिल्लक आहे. शाळेतलं 'तानापिहिनिपाजा' आठवा आणि त्या कव्हरवरचे रंग मोजा. सहाच भरतात, पारवा गायब आहे. टी-शर्ट घातलेला एखादा कोवळा पोरगा दिसला की त्याच्या छातीकडे बोट दाखवून विचारायचं, "पारवा कुठे गेला रे?" पोरगा बहुधा पुन्हा तो टी-शर्ट घालत नाही. आपल्या पंथाचा प्रसार असाच होत आला आहे.

किंग क्रिमझनच्या पहिल्या अल्बमवरचा (१९६९) तो किंचाळणारा लाल चेहरा हे हुकमी पान. तो रंगवणारा बॅरी गॉडबर पेशानं कॉम्प्युटर प्रोग्रॅमर होता. त्यानं केलेलं हे एकुलतं एक कव्हर. रेकॉर्ड बाहेर आल्यावर काही महिन्यांतच, १९७० मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी तो हृदयविकारानं गेला. हे सांगितलं की मैफल क्षणभर गप्प होते. तो क्षण तुमचा. त्यात शांतपणे घोट घ्यावा. (त्या पोराबद्दल खरंच काही वाटलं, तर ते आपल्यापाशी ठेवावं. वाटण्याला इथे गुण नाहीत.)

येसची कव्हरं रंगवणारा रॉजर डीन हा परीक्षेचा पेपर आहे. त्याची तरंगती बेटं आणि कड्यांवरून कोसळणारं पाणी सगळ्यांना ठाऊक असतं. 'अवतार' सिनेमातले डोंगर आपल्या चित्रांवरून उचलले असा दावा त्यानं २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात लावला आणि पुढच्या वर्षी तो फेटाळला गेला. त्यामुळे 'अवतार'चा विषय निघाला की खिन्नपणे हसायचं असतं. पण 'क्लोज टू दि एज'चं पुढचं पान बघून कोणी "काय ते धबधबे!" म्हणाला, तर तो कच्चा समजा. पुढच्या पानावर फक्त हिरवा रंग आहे, वर काळोखाकडे गेलेला, आणि बँडची ती बुडबुड्यासारखी सही. धबधबे आत आहेत, कव्हर उलगडल्यावर. ज्यानं एलपी हातात घेतली नाही त्याचं बिंग इथे फुटतं.

आता खरं बघायला गेलं तर आपल्याकडे कितीजणांनी ती हातात घेतली? मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून (२०१६ मध्ये तेही बंद पडलं) कॅसेट आणायची, नाहीतर मित्राकडून कोऱ्या कॅसेटवर भरून घ्यायची, ही आपली परंपरा. बारा इंचांचं चित्र कॅसेटच्या डबीत चार इंचांवर यायचं. भरून घेतलेल्या कॅसेटवर तर मित्राचं अक्षर हेच कव्हर. पण हे सगळं तुम्ही विसरला आहात. 'कव्हर बघावं तर एलपीच्याच आकारात' हे वाक्य रोज सकाळी आरशासमोर म्हणायचा सराव करा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून लहानपणी घरात एलपींचा ढीग होता असं वाटायला लागतं.

जेंटल जायंटच्या 'ऑक्टोपस'चं इंग्लंडमधलं कव्हर डीनचं आणि अमेरिकेतलं बरणीत कोंबलेल्या ऑक्टोपसचं, एवढं लक्षात ठेवा. कोणतंही एक चांगलं म्हटलं की दुसऱ्या पक्षाचे लोक तुटून पडतात. त्यामुळे कोण कुठला आहे हे बघूनच तोंड उघडावं.

वाद्यांबद्दल फार खोलात जायला नको, पण 'काय सुंदर व्हायोलिनं आहेत' असं बोलू नका. तो मेलोट्रॉन असतो. बर्मिंगहॅमचं यंत्र, प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत, पट्टी दाबली की त्यावर भरून ठेवलेला सूर वाजतो, आणि साधारण आठ सेकंदांत फीत संपते. मग बोट उचलावंच लागतं. मेलोट्रॉनवर तासभर बोलणाऱ्या माणसाला अशी काही व्यवस्था नसते.

मात्रा मोजता आल्या तर सोन्याहून पिवळं. पिंक फ्लॉइडचं 'मनी' सातात आहे. हे कळल्याबरोबर "अरे, हा तर रूपक ताल!" असं ओरडायचा मोह आपल्या माणसाला होतोच; तो आवरा, कारण गिटारचा तुकडा सुरू झाला की गाणं गुपचूप चारात येतं आणि तुमचा हात हवेत राहतो. 'सपर्स रेडी'मधला 'अपोकॅलिप्स इन ९/८' हा भाग त्यामानानं सोयीचा. उत्तर नावातच छापलंय. तरीही मोजल्याचा चेहरा करा.

येसच्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'बद्दल (१९७३) मत असावंच लागतं. दोन एलपी, चार बाजू, चार रचना, एकूण ८१ मिनिटं. गायक जॉन अँडरसनला ही कल्पना सुचली ती परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून: श्रुती, स्मृती, पुराणं, तंत्र अशी शास्त्रांची चार अंगं, म्हणून रेकॉर्डच्या चार बाजू. इथे परदेशी चाहते तुमच्याकडे मोठ्या आशेनं बघतील. बघू द्या. तळटीप वाचून चार बाजू भरतील एवढं आपल्याकडे घडत नाही; पीएचडीवालेसुद्धा ती ओलांडून पुढे जातात. तुम्ही डोळे मिटून हळूच मान हलवा. अथर्वशीर्षाचा सुरुवातीचा भाग पाठ असेल तर तो पुटपुटलात तरी चालेल, त्यांना फरक कळत नाही.

बँडमध्येच एकाला हे पचलं नाही. कीबोर्डवर रिक वेकमन होता. मँचेस्टरच्या कार्यक्रमात त्याला बराच वेळ वाजवण्यासारखं काही नव्हतं. त्याच्या मदतनिसानं कार्यक्रम संपल्यावर काय खाणार असं विचारलं, यानं करी सांगितली, आणि मदतनिसानं ती कार्यक्रम चालू असतानाच आणून दिली. मग काय, वेकमननं कीबोर्डवर डबे मांडले आणि रंगमंचावरच चिकन विंदालू आणि पापड खाल्ले. हा किस्सा तो स्वतःच आजवर रंगवून सांगत आलाय. पुढच्या वर्षी त्यानं बँड सोडला. म्हणजे या एका अल्बमला आपल्या देशाकडून दोन गोष्टी मिळाल्या: एक तळटीप आणि एक करी, तीही थेट गोव्याच्या वंशातली. ८१ मिनिटं सलग बसून ऐकल्यावर यांतली कोणती जास्त गुणाची होती, याबद्दल माझं मत पक्कं झालेलं आहे. चारचौघांत मात्र मी तळटीपच म्हणतो.

जेथ्रो टलचं 'थिक ॲज अ ब्रिक' (१९७२) याहून अवघड जागेचं दुखणं. आदल्या वर्षीच्या 'ॲक्वालंग'ला समीक्षकांनी कन्सेप्ट अल्बम, म्हणजे एकाच कल्पनेभोवती गुंफलेला अल्बम, ठरवलं. बँडचा गायक आणि बासरीवादक इयन अँडरसन सांगत राहिला की तसं काही नाही. कोणी ऐकेना, तेव्हा त्यानं ठरवलं की आता यांना खराच देऊ. चाळीस मिनिटांच्या वर चालणारी एकच रचना. ऐकणाऱ्यानं उठून रेकॉर्ड उलटावी एवढीच काय ती विश्रांती. शब्द जेरल्ड बोस्टॉक नावाच्या आठ वर्षांच्या मुलाचे, असं छापलं, मुलगा काल्पनिक. कव्हर म्हणजे गावपातळीवरचं बारा पानी वर्तमानपत्र, बातम्या, जाहिराती, शब्दकोड्यासकट, सगळं रचलेलं. कन्सेप्ट अल्बमची इतकी उघड टिंगल कोणी केली नसेल. चाहत्यांनी काय करावं? गंभीर चेहऱ्यानं विकत घेऊन अमेरिकेत ती पहिल्या क्रमांकावर नेली.

आदर्श घालून द्यावा तर असा. तुम्हीही आधी 'अर्थात ती टिंगल होती' असं म्हणून टाका, म्हणजे तुम्ही फसलेल्यांतले नाही हे ठरेल. लगेच त्या टिंगलीमागच्या गहन आशयावर अर्धा तास बोला. शब्दकोडं कोणी सोडवलं होतं का, हा प्रश्न घ्या. त्यावर किमान दोघं भांडतील. आणि हो, त्यातली बासरी सुरू झाल्यावर आपल्याला मजा येते हे दिसू देऊ नका. मला येते. म्हणूनच मी ती एकट्यानं ऐकतो.

सर्वांत मोठा धोका १९८० च्या दशकात दबा धरून बसलाय. जेनेसिसचा फिल कॉलिन्स हा थोर ड्रमर होता असं म्हणायला परवानगी आहे. तो गातो हे तुम्हाला माहीत नाही. येसच्या बाबतीत तर फारच जपावं. १९८३ मध्ये त्यांनी 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' काढलं. साडेचार मिनिटंसुद्धा नाहीत. तळटीप नाही, पुराण नाही. १९८४ च्या जानेवारीत ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, जिथे 'क्लोज टू दि एज' कधी फिरकलं नाही. हे गाणं कुठेही गाठू शकतं: कोणाच्या गाडीत, मॉलमध्ये, चुलतभावाच्या लग्नात. ट्रेव्हर रॅबिनची ती गिटार सुरू होते आणि साध्या चार मात्रांवर पाय आपला आपण हलायला लागतो. आसपास जाणकार असतील तर पाय ताबडतोब खुर्चीखाली ओढा. कोणाच्या नजरेस आलंच, तर मुंग्या आल्या म्हणा.